टोपलीच्या झाकणातली अंगठी

पेडण्याला नेमणुकीवर असताना किनाऱ्यावरच्या एका थाई हॉटेलात मी चोरीचा तपास केला, तो अजून कालचा वाटतो. तपास करता करता पोटभर जेवले अशी माझ्या नोकरीतली ती एकच केस, म्हणूनही लक्षात राहिली असेल.

रविवारी दुपारी ठाण्यात फोन आला. नार्व्याचं एक कुटुंब, खाणीवर ट्रक असलेलं. सकाळी मुलाचा साखरपुडा झाला आणि दुपारी दोन्हीकडची मंडळी या हॉटेलात जेवायला आली. जेवण संपेपर्यंत होणाऱ्या सुनेची अंगठी गायब. मॅनेजरला चोरही सापडला होता. वाढणारी एक मुलगी, सिंधुदुर्गातली, नुकतीच कामाला लागलेली. भाताच्या टोपलीवर झाकण घालून ती लगबगीने आत गेली, असं तिच्याच जोडीने वाढणाऱ्या मुलाने सांगितलं. उद्या संध्याकाळपर्यंत अंगठी मिळाली नाही तर हिला घरी पाठवतो, मॅनेजर म्हणाला. म्हणजे चोर म्हणून.

झडती बाईमाणसाची, म्हणून मी गेले. काही सापडलं नाही. मुलगी रडली नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, झडती परत घेवा, पण माझ्या घराक कळवू नकात." चोराला झडतीची भीती असते, हिला घरच्यांची होती. माझं मन तिथेच तिच्या बाजूने झालं. पण मनाचा पंचनामा होत नाही.

सगळ्यांचे जबाब घेतले. प्रत्येकाचा एकच: आलो, बसलो, जेवलो, फोटो काढले. होणाऱ्या सुनेने तेवढं नवं सांगितलं. तिथला भात हाताने खायचा आणि भलता चिकट. म्हणून तिने अंगठी काढून टोपलीच्या उलट्या ठेवलेल्या झाकणात ठेवली, तेवढ्यात फोटोसाठी हाक आली, ती उठली. टोपल्या, कचरा, मोरी, सगळं पाहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना परत बोलावलं. काल बसला होतात तसेच बसा, आणि कालचंच जेवा. आमच्या हवालदाराला हा तपास पटला नाही. त्यात दारात बूट काढायचे, देवळासारखे. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर. म्हणाला, मॅडम, मी बाहेरून नजर ठेवतो. ठेव, म्हटलं.

आत जमिनीलगत टेबलं, खाली पाय सोडायला खळगा, बसायला रेशमी उशा, कलिंगडाची कोरलेली फुलं. गवती चहाच्या वासाचं आंबट सूप आलं, नारळाच्या रसातली हिरवी आमटी आली. मी भाताची एक टोपली स्वतःच्या पैशाने मागवली, आणि खरं सांगते, दुसरीही मागवली असती. मुलाची आजी माझ्यासमोर, होणारी सून तिच्या शेजारी. आजी आमटीकडे बघून, कालची चव आठवत म्हणाली, "हुमण बरें, पण साखर कित्याक घातल्या?" सगळे हसले. ती मुलगी मात्र खाली मान घालून वाढत होती.

वाढून झालं तरी कोणी घास उचलेना. सगळे आजीकडे बघत होते. आजीने भाताचा गोळा केला आणि इकडेतिकडे पाहिलं. घरी तो पानाच्या कडेला ठेवते, इथे पान नव्हतं. तिने आत न बघताच शेजारचं उलटं झाकण ओढलं, गोळा त्यात दाबला आणि जेवायला लागली.

मी हातातला घास खाली ठेवला. "आजी, हे काय?"

"गायीचो घास, बाय. रोजचोच."

"काल पण काढलात?"

"मागीर? घास काडल्याबगर हांव जेवतां काय?"

काल जेवण झाल्यावर तिने तो गोळा आपल्या रुमालात बांधून पिशवीतून घरी नेला होता आणि गोठ्यात गायीपुढे ठेवला होता. सून पांढरी पडली. हवालदार एव्हाना मोज्यासकट आत आला होता. त्याने हळूच विचारलं, "आता गायीचा जबाब घ्यायचा?"

जीप नार्व्याला नेली. गाय शांतपणे रवंथ करत होती, आणि गव्हाणीच्या कोपऱ्यात तो गोळा सुकून पडला होता. तिने हुंगून बाजूला सारला असणार. तिलाही तो भात चिकट वाटला. गोळा पाण्यात भिजवून फोडला तर मधोमध अंगठी. पंचनाम्यात "गोठा, गव्हाण, थाई भाताचा गोळा" असं लिहिताना पंच हसू दाबत होते.

आजी मात्र हसली नाही. मला त्या हॉटेलात परत ने, म्हणाली. अख्खं कुटुंब माघारी आलं. आजीने त्या मुलीला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मॅनेजर काही बोलणार, तोवर तिने भात मागवला, पहिला गोळा केला आणि मुलीच्या तोंडापुढे धरला. "आज पयलो घास हिचो. गायीक मागीर." मुलगी तेव्हा रडली.

तिची नोकरी राहिली. आणि माझी जबाब घ्यायची पद्धत बदलली. आजी खोटं बोलली नव्हती. रोज करतो ते माणूस सांगत नाही, कारण ते आपण केलं असं त्याला वाटतच नाही. तेव्हापासून त्या दिवशी काय केलंत हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, रोज काय करता?