फारूक सरांचा लिनक्सवाला प्रिंटर

माझ्या दुकानाचं सगळ्यात डोकेदुखीचं गिऱ्हाईक आज गेलं.

लातूरचे फारूक सर. फिजिक्सचे. पहाटे नांदेडच्या हॉस्पिटलात, हार्ट अटॅकनं.

भूकंपानंतर ते गावाकडं पत्र्याच्या शेडात शिकवायचे. फळा नव्हता, तर पत्र्यावरच खडूनं हातभर अक्षरं काढायचे.
पुढं लातुरात कोचिंगचा बाजार भरला. मोठमोठ्या क्लासवाल्यांनी बोलावलं. सर आपले घरीच शिकवत राहिले.

लॅपटॉपवर विंडोज नाही, फुकट मिळणारं लिनक्स. का, तर म्हणे, "शिकवणाऱ्यानं चोरीचं सॉफ्टवेअर वापरू न्हाई."

एकदा लॅपटॉप काखेत मारून माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. सोबत रेणापूरची सबा, अकरावीतली त्यांची विद्यार्थिनी. नजर फार अधू. पुस्तक नाकाला टेकवलं तरी अक्षर लागायचं नाही.
तिचे अब्बा म्हणत होते, बास झालं शिकणं.
सरांना तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत नोट्स छापायच्या होत्या. घरीच, रोज.

मी चकचकीत कलर प्रिंटर पुढं केला.

"खोक्यावरचं नगं सांगू शेठ. लिनक्सवर छापून दाव."
"सर, खोका फोडला की माल जुना होतो."
"मग जुनाच दाव की!"



डेमोचा प्रिंटर जोडला. ढिम्म हलेना. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअरच नव्हतं.
दुसऱ्यानं छापलं, पण शाई पसरली.

सबा भिडस्त. म्हणाली, "दिसायलंय सर."
"दिसायलंय म्हणू नको बेटा. वाच."
तिला वाचता येईना.

शेवटी मागच्या खोलीतून एका ऑफिसातला जुना लेझर प्रिंटर काढला. धूळ झटकून वायर लावली. लिनक्सनं त्याला लगेच ओळखलं. काळीकुट्ट, ठसठशीत अक्षरं!

सबा वाचायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. प्रकाशाचे नियम, पानभर.
सर तोंड फिरवून रस्त्याकडं बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

पान संपल्यावर ती म्हणाली, "सर, हे घरी नेऊ? अब्बाला वाचून दावते."

सरांनी तोच जुना प्रिंटर घरी नेला. तिचं शिक्षण थांबलं नाही. आज सबा स्वतः कॉलेजात शिकवते.

सर, तुमच्याइतका चिवट आणि तुमच्याइतका मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

दुपारी जनाजा निघाला. पहिला खांदा सबाच्या अब्बांनी दिला. कबरस्तानापर्यंत त्यांनी तो कुणाला बदलू दिला नाही.

अलविदा, सर. मनापासून सलाम.