निसटणारं पातं

ठिणगीताईला राग यायला कारण लागत नसे, पण त्या आठवड्यात तिच्याकडे कारणंही भरपूर होती.

ठिणगी हे नाव आपल्याला वेल्डिंगमुळे पडलं असं ती सांगायची. गल्लीतल्या लोकांचं मत वेगळं होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, जिन्याचे कठडे हे तिचं काम. शेड वडिलांची. त्यांची नजर अधू झाली तेव्हा भावाने परगावची नोकरी धरली आणि हिने वेल्डिंगचा होल्डर हातात धरला. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" ती म्हणायची, "तुमच्यासमोर उभे आहेत. बोला."

नवरा टेलर. रस्त्याच्या बाजूला त्याचं दुकान, मागे छोटं अंगण, अंगणापलीकडे हिची शेड. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण टेलरमास्तरांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. काय म्हणतात ते कळायला गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकावं लागायचं.

ताईचा उजवा खांदा कामातून गेला होता. आधी बरीच वर्षं हाताने ओढायची हॅक्सॉ करवत, मग ग्राइंडरचे हादरे. डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हटल्यावर तिने विश्रांती घेतली नाही, डॉक्टरकडे जाणं बंद केलं. हात डोक्यापर्यंत जात नसे, म्हणून सकाळी तिची वेणी मास्तर घालायचे. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती, आणि कळली असती तर सांगणाऱ्याची धडगत नव्हती.

तर या मास्तरांनी एक दिवस न विचारता एक स्वस्तातला पोर्टेबल बँडसॉ आणला. दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं लांब पातं, दोन्ही हातांनी धरायचं, पाइपवर टेकवलं की आपोआप कापत खाली उतरतं.

"कुणी सांगितलं होतं आणायला?" ताई म्हणाली.

"कुणी नाही. दुकानदार म्हणाला, याने खांद्याला हादरे बसत नाहीत."

"दुकानदाराच्या खांद्याला बसत नसतील!"

पण तेव्हा हातात दवाखान्याच्या जिन्याचा कठडा होता. जुना गंजून एका जागी तुटला होता आणि पेशंट भिंतीला हात लावून चढत होते. काम घाईचं. खांदा तर ग्राइंडर उचलूच देईना. नाइलाजाने तिने मशीन लावलं.

पहिल्याच पाइपवर पातं चाकावरून निसटलं. तिने झाकण काढलं, पातं चढवलं, लिव्हर फिरवून ताणलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा टिकलं, तर काप असा तिरका आला की पाइपाची दोन टोकं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. तिने जोर लावला. पात्याचे दात पाइपाच्या पातळ पत्र्यात अडकून कटकट तुटले. सोबत आलेलं दुसरं पातं तिने लावलं. ते फिरलं, पण कापेचना. रागाच्या भरात दात उलट्या दिशेला करून बसवलं होतं. ते काढताना बोट कापलं.

तिने मशीन उचललं आणि अंगण ओलांडून तशीच मास्तरांच्या दुकानात शिरली.

"हे घ्या तुमचं खेळणं!" म्हणत तिने ते कापायच्या टेबलावर आदळलं. "मी काम करू का याच्या मिनतवाऱ्या करू? हातचा पाइप फुकट गेला. लोखंडातलं कळत नाही तर कशाला नाक खुपसता? मी कधी तुमच्या कापडात हात घातला?"

हे बोलताना तिचा हात कापडातच होता. टेबलावर शाळेच्या ड्रिलमास्तरांचा पांढरा सूट कापून ठेवलेला होता. त्याच्या पाठीवर काळ्या तेलाचा पंजा उमटला, वर रक्ताचा ठिपका.

मास्तरांनी कापडाकडे पाहिलं. कात्री खाली ठेवली. आणि ओरडले.

"पुरे!"

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला उठून आपल्या दारात आला.

"पुरे झालं तुझं! रोज सकाळी वेणी घालतो तुझी. मान जरा वळवली तरी दात आवळतेस, मला काय कळत नाही? विचारलं तर अंगावर येतेस. डॉक्टरचं ऐकत नाहीस, माझं ऐकत नाहीस. तो खांदा तुझा एकटीचा आहे का? माझा काही विचार करशील की नाही? तू अंथरुणाला खिळलीस तर मी कुणाच्या शिव्या खायच्या?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. चष्मेवाला आत गेला. ताईने कापलेलं बोट मुठीत दाबून धरलं.

"झाकण काढ त्याचं," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काढ म्हणतो ना."

तिने काढलं. मास्तरांनी दोन्ही चाकं वाकून निरखली. "शिलाई मशीनचा पट्टा निसटायला लागला की मी आधी चाकं बघतो," ते म्हणाले, अजून रागातच. "पट्ट्याला शिव्या देत नाही." त्यांनी रिळाचा दोरा तोडला, ताणला आणि दोन्ही चाकांच्या कडांना आडवा धरला. मागच्या चाकाला दोरा टेकला. पुढच्याला टेकेना. पुढचं चाक आत बसलं होतं. मशीन बनवणाऱ्याने घाईत कसंतरी बसवून दिलेलं.

ताईने दोऱ्याकडे पाहिलं. मग शेडमध्ये गेली, पाना आणि पातळ वॉशर घेऊन आली. चाकामागे वॉशर घातल्यावर दोरा दोन्हीकडे टेकला. आता तिची नजर चालायला लागली. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणारी छोटी बेअरिंगं खिळखिळी होती, पातं मधे डुलत होतं. काप तिरका येणारच. तिने ती पात्याला लागतील न लागतील अशी आवळली. "आणि पातं जाड दातांचं दिलंय मेल्याने," ती पुटपुटली. "पत्र्याच्या जाडीत दोन-तीन दात तरी बसायला हवेत, नाहीतर अडकणारच."

"आणि तू ढकलतेस," मास्तर म्हणाले.

"मी ढकलत नाही."

"ढकलतेस. मी कापड सुईखाली ढकललं तर सुई मोडते. मशीनच्या वजनाने कापू दे."

ती बारीक दातांचं पातं घेऊन आली तेही दुकानदाराशी भांडूनच. शेडमध्ये मशीन पाइपवर टेकवलं. हाताला ढकलायची जन्माची सवय, ती आवरताना तिच्या कपाळावर घाम आला. पातं आपल्या चालीने खाली उतरलं. तिने पाइपाच्या कापलेल्या तोंडाला काटकोन तपासायचा गुण्या लावला. काप सरळ होता. अंगणात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "काय बघताय? सूट कोण शिवणार?"

दवाखान्याचा कठडा कबूल केल्या दिवशी बसला. पण सूटची पाठ काही केल्या स्वच्छ होईना. त्या ताग्याचं कापडही बाजारात उरलं नव्हतं. मास्तर ड्रिलमास्तरांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात ते स्वतःच दुकानात आले. ताई मागून धावत आली.

"डाग मी पाडलाय," ती त्यांच्यासमोर उभी राहून गरजली. "ह्यांची चूक नाही. ह्यांना एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं असेल तर मला बोला. बोला ना!"

अख्ख्या शाळेला रांगेत उभं करणारे ड्रिलमास्तर एक पाऊल मागे सरकले. "नाही, मला काही बोलायचं नाही," ते म्हणाले.

"मग दुसरा रंग निवडा," ताई म्हणाली आणि ताग्यांच्या फळीकडे बोट केलं.

त्यांनी करडा निवडला. ते गेल्यावर मास्तर हळू आवाजात म्हणाले, "अगं, माफी अशी मागतात का?"

"मागितली ना!" ती म्हणाली. "अजून काय पाया पडू?"