सेतुरावांचा दोरा

जॉर्ज टाउनमधल्या एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर सेतुराव डोळे तपासायला बसत. गिऱ्हाईक आलं की भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्याआधी ते गाठी मारलेला एक दोरा काढत, त्याचं टोक गिऱ्हाइकाच्या नाकाला लावत आणि म्हणत, "दिवसभर हातानं काय करतोस? तें करून दाखव." त्यामुळे शिंपी कापड घेऊन येई, भटजी पोथी आणि सोनार चिमटा. नाकापासून हातापर्यंत दोरा ताणायचा, गाठी मोजायच्या आणि मग नंबर काढायचा. "चष्मा कामाला द्यायचा," ते म्हणत. "डोळा बिचारा सांगाल तिथं बघतो." ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांची मराठी आपल्या पणज्यांच्या वेळची होती आणि रागावले की तिच्यात तमिळ शिरे. मला ते 'पुणेंकर' म्हणत, आणि त्यात कौतुक मुळीच नसे.

माझ्या नाकाला दोरा लागला तेव्हा मला अपमान वाटला. मी अड्यारच्या एका कंपनीत इंजिनीअर होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि आमचे साहेब सकाळच्या इडलीपासून भविष्याबद्दल बोलत. आम्ही डोक्यावर चढवायचा एक हेडसेट बनवत होतो. त्याच्या काचेतून समोरचं खरं सर्किट दिसे आणि त्यावर तरंगणारा एक हिरवा बाणही दिसे. कुठली तार कुठं जोडायची ते बाण दाखवी. तारा जोडणाऱ्या मुलींवर त्याची चाचणी चाले. अर्ध्या तासात त्यांचं डोकं ठणके, डोळ्यांतून पाणी येई. साहेब म्हणत, "नाटकं करतात." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या दारावर कोरून घ्यायला हवी होती.

त्यातली सेल्वी नावाची मुलगी एक दिवस सरळ बोलली, "सर, यंत्रच चुकलंय." झालं! तिच्याच डोळ्यांत दोष असल्याचा कागद तयार झाला आणि तिची रवानगी घरी झाली. असा कागद असलेल्या मुलीला बारीक कामाचा दुसरा कुठलाही कारखाना दारात उभं करणार नव्हता. त्या कागदावर सही माझी होती. आणि महिनाभर माझंही डोकं दुखत होतं, म्हणून तर मी गुपचूप सेतुरावांकडे आलो होतो.

मी पिशवीतून हेडसेट काढला. त्यांनी तो घातला आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला.

"बाण कोठें ठेवलास?"

"लांब. लांबचं बघताना डोळ्यांना आराम असतो, असं पुस्तकात आहे."

"आणि हात?" त्यांनी दोरा ताणला. "अय्यो, देवा! काम हातभर दूर आणि बाण लंकेंत! डोळ्यानं काय, घडीघडीला रामेश्वरास जाऊन यायचं?"

मग त्यांनी विचारलं, आणखी कोणाला दुखतं? मी सेल्वीची हकिगत सांगितली. सहीचंही सांगितलं.

"तुज दुखलं तर तूं चष्मा कराया आलास. तीस दुखलं तर ती घरीं. चोखोट शिकलास, पुणेंकर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र भिंगांची जुनी पेटी उघडून बसले होते. हेडसेटच्या काचेच्या आतल्या बाजूला त्यांनी उणे अडीचचं भिंग चिकटपट्टीनं लावलं आणि बाहेरच्या बाजूला अधिक अडीचचं. आतल्या भिंगानं बाण हाताजवळ आला. बाहेरच्यानं आतल्याची भरपाई केली आणि सर्किट होतं तसंच स्वच्छ दिसत राहिलं. दीड वर्षात आमच्या अख्ख्या विभागाला जे सुचलं नाही, ते त्यांनी कॉफी गार व्हायच्या आत केलं.

मी ते साहेबांना दाखवलं, तर ते म्हणाले, दुकानदारांकडून विज्ञान शिकायची वेळ अजून आलेली नाही. हे कळल्यावर सेतुराव लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत स्वतः अड्यारला आले. येताना फाटकाजवळच्या फुलवालीकडून सुटे मोगरे आणि दोरा घेऊन आले. "साहेब, हें यंत्र घाला, बाण बघत बघत एवढा गजरा बांधा," ते म्हणाले. साहेब हसत बसले. दहाव्या कळीला डोळे बारीक झाले, विसाव्या कळीला हात कपाळावर गेला.

"या फुलांचा वास फार उग्र आहे," साहेब म्हणाले.

"मग साहेबांच्या नाकांत दोष," सेतुराव माझ्याकडे वळले. "कागद कर."

मग त्यांनी भिंगं लावली. उरलेला गजरा साहेबांनी कपाळाला हात न लावता पुरा केला.

आठवड्याभरात ती भिंगं 'आमच्या विभागाचं संशोधन' झाली. सेतुरावांना शाल द्यायचं ठरलं. त्यांनी शाल परत पाठवली आणि सेल्वीचा कागद बदलून मागितला. साहेबांनी नवा मजकूर सांगितला, 'फेरतपासणीत डोळे समाधानकारक आढळले.' तो ऐकून म्हातारा भडकला आणि पुन्हा अड्यारला येऊन बसला. "बिघडलेच नव्हते तर सुधारले कसे? लिही, तिचे डोळे चोखोट. आमचं यंत्र वाईट. आम्हांस कळलं नाहीं." साहेबांनी असल्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. मी केली. त्यात शौर्य नव्हतं, सेतुराव समोरच्या खुर्चीतून हलत नव्हते एवढंच.

कामावर परत बोलावल्यावर सेल्वी आली. तिनं कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"सर, तुमचं डोकं दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"पहिल्या कागदावर सही केली तेव्हापण?"

"हो."

तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन कामाला लागली. नंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

हे सांगायला मी सेतुरावांकडे गेलो. खरं सांगायचं तर शाबासकीच हवी होती. शेवटी मी खरं बोललो होतो ना! पुढं दोन महिन्यांत ते गेले, त्यामुळे ती शेवटचीच भेट ठरली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मी जिन्याशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"पुणेंकर, तिनं विचारीपर्यंत थांबलास?"