अलार्मचं टोपडं

बाइंडरकाकांना घाई करताना कुणी पाहिलं नव्हतं. पुस्तक शिवायला घेतलं की शेवटची गाठ मारूनच उठायचं, सरस लावला की पुस्तक दाबाखाली ठेवूनच हात धुवायचे. लग्नही त्यांनी असंच नीट बघून, सावकाश करायचं ठरवलं होतं. ते इतक्या सावकाशीनं चाललं की राहूनच गेलं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं घरी यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला नाव ठेवायला जागा दिली नाही, एवढ्यावर हा गृहस्थ खूश होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांचे थोरले भाऊ राहायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी काकांचं टेबल, त्यावर सुया, मेण लावलेला दोरा, पुठ्ठे, आणि छोट्या विजेच्या शेगडीवर पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं सरसाचं भांडं. मागची खोली दादांची. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासायचं काही थांबले नाहीत. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा ते लाल पेन घेऊन वाचत. एकदा म्हणाले, "या कागदात अकरा चुका आहेत. गोळीत किती असतील, सांग!" आणि दोन दिवस गोळी घेतली नाही. भाऊ भाऊ दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि एकाला जेवायला उशीर झाला की दुसरा पान वाढून खोळंबून बसायचा.

दादांना एकच मुलगी. तिचा नवरा इलेक्ट्रिशियन, फार बोलणारा नव्हे, पण हात चांगला. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी तो बशीएवढं पांढरं यंत्र घेऊन आला आणि दादांच्या खोलीच्या दारावर, छताला लागून, बसवून मोकळा झाला.

"घरभर कागद, त्यात शेगडी, आणि बाबा दुपारी कंबर शेकत झोपतात," तो म्हणाला. "धूर झाला की हा बोंब मारेल. महिन्यातून एकदा हे बटण दाबून बघायचं. बॅटरी दरवर्षी मी बदलेन. फक्त याला झाकायचं नाही, काका. सरसाच्या वाफेनं उगाच वाजायला लागला तर मला सांगा. आत सरकवून देईन, पाच मिनिटांचं काम आहे."

तिसऱ्याच दिवशी तो वाजला. सरस उकळीला आला होता, वाफ छताला लागली, आणि असा काही किंचाळला की काकांच्या हातातला ब्रश एका शब्दकोशावर पडला. दादा पेन हातात घेऊनच बाहेर आले. "काय रे, जग बुडालं की काय?"

तेव्हा फोन करायला हवा होता. काकांनी केला नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी जावयाला अख्खं शहर ओलांडून बोलवायचं त्यांच्या जिवावर आलं, हे एक. आणि दुसरं खरं कारण असं की त्यांचे हात शिवशिवायला लागले होते. ज्या माणसानं जन्मभर कशाला ना कशाला कव्हर घातलं, त्याला एक गोल वस्तू झाकणं काय अवघड? त्यांनी पातळ पुठ्ठा भिजवून गोल वळवला, वर तांबडं कापड चढवलं, आतून कागद लावला. दुसऱ्या दिवशी अलार्मवर चढवून पाहिलं तर कुठे म्हणून फट नाही. दादांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "बाळाला टोपडं छान झालंय. आता पाळणा कधी?"

काका बेफिकीर नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. नाहीतर ऐकणारा लगेच म्हणेल, असल्या माणसाचं असंच व्हायचं. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. सकाळी शेगडी लावायच्या आधी टोपडं चढवायचं. संध्याकाळी काम संपलं, ब्रश धुतला, की उतरवून ठेवायचं. सहा वर्षांत हा नियम एकदाही चुकला नाही. दर महिन्याला बटण दाबून अलार्मही वाजवून बघत. जावई बॅटरी बदलायला यायचा तो रविवारी, म्हणजे कामाला सुट्टी, म्हणजे टोपडं खणात. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. काकांना कधी कधी चोरट्यासारखं व्हायचं, पण आपण आपल्या नियमात पक्के आहोत म्हटल्यावर मनाची समजूतही पटायची.

त्या दिवशी दुपारी एका ग्रंथालयात चार खंड पोचवायचे होते. काकांनी शेगडी बंद केली, बटण दोनदा पाहिलं. आत दादा सर्दीचं औषध घेऊन, कमरेखाली विजेवर तापणारा शेकायचा पट्टा घेऊन झोपले होते. काकांनी हळूच दार लोटलं. टोपडं वरच होतं. अर्ध्या तासात परत येऊन पाचव्या खंडाला सरस लावायचाच होता. काम संपलेलं नव्हतं, आणि नियम होता तो काम संपल्यावर टोपडं काढायचा. काका नियमाला धरूनच घराबाहेर पडले.

ग्रंथालयात बाई म्हणाल्या, "बसा ना जरा, एक पुस्तक दाखवते." एकाची तीन पुस्तकं झाली. काका पावणेदोन तासांनी परतले तेव्हा जिन्यात माणसंच माणसं. समोरच्या दारात राहणाऱ्या नर्सबाईंना धुराचा वास आला होता. त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून त्या आत शिरू शकल्या. त्यांनी आणि खालच्या दोघांनी मिळून दादांना उचलून खाली आणलं होतं. पट्ट्याच्या वायरीनं गादी आतल्या आत धुमसत राहिली होती. जाळ असा नव्हताच. दोन बादल्या पाण्यात गादी विझली. धूर मात्र दीड तास कोंडत होता.

"काका, वर जाऊन त्यांच्या औषधांची फाइल आणा, पटकन!" नर्सबाई दादांच्या छातीवरचे हात न काढता ओरडल्या.

काका वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. खिडक्या उघड्या होत्या, तरी छताशी काळा धूर तरंगत होता. दादांच्या दाराशी आले आणि मान वर गेली. टोपडं जागच्या जागी, काजळीनं काळं पडलेलं. काका उंच, हात वर केला आणि काढलं. सवयीनं काढलं की भीतीनं, ते त्यांना पुढे स्वतःलाही कधी नक्की सांगता आलं नाही. टोपडं निघालं मात्र, आणि अलार्म किंचाळायला लागला.

जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "घ्या! आता वाजतोय!"

काकांनी टोपडं पिशवीत कोंबलं, फाइल घेतली आणि खाली आले. दादांनी त्याच संध्याकाळी दवाखान्यात प्राण सोडला.

मुलगी आणि जावई धावत आले तेव्हा काका बाकावर बसून होते. मुलीनं नर्सबाईंना पहिला प्रश्न विचारला, "अलार्म वाजला नाही?"

"वाजला, पण सगळं उरकल्यावर," नर्सबाई म्हणाल्या. "आम्ही त्यांना खाली आणलं, मग वाजला."

मुलगी नवऱ्याकडे वळली. "हा उठवेल म्हणाला होतास ना? बाबा तुझ्या भरवशावर झोपले होते."

जावई बोटांवर महिने मोजायला लागला, बॅटरी कधी बदलली होती ते. काकांच्या जिभेवर शब्द आले होते, अगदी ओठांपर्यंत आले होते. आत्ता नको, तिची ही अवस्था, उद्या सांगू, असं म्हणून त्यांनी ते गिळले. उद्याचा परवा झाला. तेराव्या-चौदाव्या दिवशी सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की तेरा दिवस का सांगितलं नाही, आणि महिन्यानं सांगायचं तर महिनाभराचं उत्तर द्यायला हवं. असं करत करत सांगायची गोष्ट रोज थोडी थोडी जड होत गेली. टोपडं त्यांनी शेगडीवर जाळून टाकलं. ते जाळताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. म्हणून त्यांना माफ करायला माझं मन आजही धजत नाही.

जावयानं तो अलार्म उतरवून घरी नेला. कागद पेटवून धूर धरला, वाजला. कापूस जाळला, वाजला. बॅटरी काढून दुसरी घातली, तरी वाजला. शंभरदा धूर दिला तर शंभरदा वाजणारं यंत्र त्या एकाच दुपारी गप्प का बसलं, हे त्याला कळेना. जे कळत नाही त्यावर भरवसा कसा ठेवायचा? त्यानं आधी गिऱ्हाइकांकडचे अलार्म बघायला सुरुवात केली, मग वायरिंगच्या कामांना नाही म्हणायला लागला, आणि शेवटी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून एका गोदामात खोकी बांधायच्या नोकरीला लागला. काका महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन यायचे. घरात दोघं असायची, पण नवऱ्याला पाण्याचा पेला द्यायचा तरी ती तो टेबलावर ठेवून निघून जायची. काकांना ते दिसायचं. तरी ते पान संपवायचे, आणि हात धुऊन घरी यायचे.

असे आठ महिने गेले. एका रविवारी नर्सबाई जिन्यात भेटल्या. कडेवर त्यांच्या स्वतःच्या लेकीचं तान्हं बाळ.

"तुमचा जावई बिचारा फार सज्जन हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचाही अलार्म काढून नेला. म्हणाला, याचा भरवसा नाही, लोकांना फसवल्यासारखं होतं. ज्या ज्या घरी लावले होते, सगळीकडचे काढलेत म्हणे त्यानं."

"मग दुसरा बसवलात?"

"बसवू हो. राहूनच जातंय बघा."

काकांनी बाळाकडे पाहिलं. आजवर त्यांना वाटत होतं की आपल्या गप्प बसण्याचा त्रास आपल्याला होतोय, फार तर त्या दोघांना. किती घरांत माणसं आज नुसत्या छताखाली झोपतायत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "आज बसवा. आजच," एवढंच कसंबसं म्हणून ते तसेच, घरच्या चपलांवर, रस्त्याला लागले.

दार पुतणीनं उघडलं. "काका? असे अचानक? बसा ना."

काका बसले नाहीत. बसलं तर परत धीर व्हायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जावई खिडकीपाशी होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "तुमचा अलार्म बिघडलेला नव्हता. मी त्याला टोपी करून घातली होती, सरसाच्या वाफेनं वाजू नये म्हणून. सहा वर्षं घालत होतो. त्या दिवशी ती तशीच ठेवून बाहेर गेलो. परत आल्यावर काढली, तेव्हा तो वाजला."

जावयानं, कामाची चौकशी करावी तसं, विचारलं, "कसली टोपी?"

"पुठ्ठ्याची. वर कापड."

"फट होती कुठे?"

"नाही. माझं काम होतं ते."

"म्हणजे तो चालत होता."

"चालत होता."

"मी लावला तसा? नीट?"

"अगदी नीट."

जावई मटकन खाली जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. काकांना वाटलं होतं, तो अंगावर धावून येईल. आला असता तर बरं झालं असतं. पुतणी नवऱ्याकडे दोन पावलं गेली, हात पुढे केला, आणि खांद्यापाशी पोचायच्या आत मागे घेतला. त्याला हात लावायची सवयच राहिली नव्हती तिला.

"दवाखान्यात तुम्ही तिथेच बसला होतात," ती काकांकडे न बघता म्हणाली. "मी ह्याला काय बोलले ते ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"टोपीचं मी समजून घेईन, काका. बाबांनाही ठाऊक असणार ती, हसलेही असतील. कधीतरी जाईल ते मनातून. पण आठ महिने रोज सकाळी उठून मी ह्याच्याकडे, ह्यानं माझे बाबा मारले, अशा नजरेनं बघितलंय. आणि ह्यानं ते खरं मानलंय. ते मी आता परत कसं घेऊ?"

काका उभेच होते.

"सांगा ना," ती म्हणाली.