हाकेच्या अंतरावर

‘‘ताई, हे गेले...’’ वहिनी फोनवर एवढंच बोलली. मी शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. हातातली वही पूर्ण तपासून मगच उठले. असं का केलं, अजून सांगता येत नाही.

प्रकाशदादा, माझा थोरला भाऊ, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात फिटर होता. दारूचा थेंब कधी घेतला नाही. पण तरुणपणीच्या काविळीनं यकृत आतून पोखरत नेलं, आणि त्यातच एक छोटी गाठ निघाली. प्रत्यारोपण हाच उपाय होता. वहिनीचा रक्तगट जुळेना, माझा जुळला. मी लगेच हो म्हटलं. दादा चिडला. ‘‘तुले लेकरं आहेत वं. काहून जीव धोक्यात घालून राहिली?’’

माझा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर माझंच यकृत दोन रंगांत दाखवलं. उजवा भाग मोठा, डावा फारच लहान. उजवा काढला तर उरलेल्यावर मी जगणार नव्हते. डावा दिला तर दादाला पुरणार नव्हता. ‘‘थोडं इकडं-तिकडं करून?’’ मी विचारत राहिले. डॉक्टरांनी पडदा बंद केला. बाहेर दादा मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.

मग मेंदूमृत दात्याची वाट. दवाखान्यातून बोलावणं केव्हाही येणार, म्हणून शहर सोडायची सोय नव्हती. नरखेडला, आमच्या गावी, चुलतभावाच्या मुलीचं लग्न लागलं, ते दादानं मोबाइलवर पाहिलं. ‘‘मी कोणाच्या तरी मरणाची वाट पाहून राहिलो,’’ तो म्हणाला, ‘‘हे देवाले कसं मागू?’’

एका दुपारी बोलावणं आलं. शस्त्रक्रियेआधी पुन्हा स्कॅन झाला. गाठ यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली होती. आता नवं यकृत घालूनही उपयोग नव्हता. डॉक्टर खाटेशी बसून सांगत होते, दादा ऐकत होता... मग म्हणाला, ‘‘ते लिव्हर वाया तं नाही जाणार ना?’’

‘‘नाही. दुसऱ्या पेशंटला बोलावतोय.’’

‘‘मंग लवकर बोलवा त्याले. रस्त्यात गर्दी राहते.’’

आता कुठंही जायची मोकळीक होती. पण पोटात पाणी भरलेलं, जिना उतरवेना. उरलेले दिवस दादानं खिडकीपाशीच काढले.

दादाला जाऊन महिना झाला. गेल्या रविवारी मी वहिनीला म्हटलं, चार दिवस नरखेडला जाऊ. तिनं पिशवी भरली, कुलूप हातात घेतलं, दाराशी आली आणि थबकली.

‘‘मागून दवाखान्याचा फोन आला तं?’’ म्हणाली, आणि आत जाऊन बसली.