गोणीतला मीटर

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक खाडीत सोडले, त्यांच्याबरोबर आमच्या घरची भुतंखेतंही गेली. कुणी झपाटल्याच्या गोष्टी सांगायला लागला की मी त्याची फिरकी घेतो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली आणि आभार नक्की कोणाचे मानायचे ते अजून कळलेलं नाही...

साल ८८. भिवंडीत घरोघरचे जुने पाण्याचे मीटर काढून नवे बसवायचं काम निघालं होतं. मी एका ठेकेदाराकडे फिटर, जोडीला सलीम. पद्धत अशी – जुन्या मीटरचा शेवटचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, घरच्या माणसाची सही घ्यायची, मग मीटर काढून त्यावर खडूने खोली नंबर टाकायचा आणि गोणीत भरायचा. संध्याकाळी स्टोअरवाला एकेक मीटर रजिस्टरशी ताडून घ्यायचा. आकडा जुळला नाही की फिटरवर संशय. त्यामुळे त्या आकड्याला आम्ही जिवापाड जपायचो.

त्या दिवशी कामतघरला आमच्याच चाळीची पाळी आली. बायको सुनंदा, आठवा महिना संपत आलेला. तिचं माहेर दिघाशी, आई चार दिवसांनी यायची होती. सही करताना ती म्हणाली, "कंबर लई दुखतेय. जरा बसता का?"

"ड्युटीवर आहे गं. स्वतःच्याच घरात बसलो तर सलीम काय म्हणेल?"

"बरं, जावा."

ती आत गेली. मी नवा मीटर बसवला आणि पुढच्या गल्लीत निघालो. मोठा कर्तव्यदक्ष मी.

दुपारी दीडच्या सुमारास पॉवरलूमच्या एका शेडच्या सावलीत आम्ही डबे उघडले. गोणी मांडीला टेकलेली, आतून काहीतरी थरथरतंय असं वाटलं. लूम चालू असली की तिथे जमीनही थरथरते, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण सलीमने गोणीत डोकावून बघितलं. "अरे, ये तेरे घर का मीटर है ना? देख तो."

वरच पडला होता, त्यावर आमचा खोली नंबर. काचेखालचा काटा फिरत होता... पाणी असलं की सलग फिरतो तसा नाही. जरा सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. मी मीटर उचलला, उलटा केला, फुंकून बघितला. कोरडा ठणठणीत. हातात धरला तरी काटा सरकतोच आहे. बाकीचे मीटर गप्प. आणि बघता बघता शेवटचा आकडा एकने पुढे गेला.

भीती वगैरे काही वाटली नाही, राग आला. सुनंदाची सही जुन्या आकड्यावर होती.

"भाभी से दुबारा साइन ले आ," सलीम म्हणाला. "स्टोरवाला मानेगा नहीं."

तेवढ्यासाठी मी घरी गेलो. लिहायला लाज वाटते, पण तिची कंबर मला आठवलीही नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. सुनंदा मोरीत पडली होती, साडी रक्ताने भिजलेली, हातात पितळी तांब्या. शेजारीपाजारी शिफ्टला गेलेले, आणि दोन्ही बाजूंनी लूमची धडधड... कोण ऐकणार? तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात ऑपरेशन झालं, मुलगी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं." मी तिथेच बाकड्यावर बसून ढसाढसा रडलो. सलीम संध्याकाळी आला. मी निघाल्यावर थोड्याच वेळात काटा थांबला, असं त्याने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सुनंदाला मीटरचं सांगितलं. ती म्हणाली, "मी नळाच्या पाइपावर तांब्या ठोकत होते."

"मला बोलवायला?"

"न्हाय. त्या आवाजात कोन ऐकतंय? पोर पोटात हलायची थांबली होती. पाइप ठोकला की जरा हलायची, मग गप. परत ठोकायचे. तिला जागी ठेवायला ठोकत होते, तुमच्यासाठी न्हाय."

ती ठोकत होती त्या पाइपाला नवा मीटर होता. जुना दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या गोणीत. पुढे किती इंजिनिअरांना विचारलं. सगळे लूमच्या कंपनांवर येऊन थांबतात, आणि बाकीचे मीटर का हलले नाहीत म्हटलं की चहा मागवतात. पण ज्याने कुणी तो काटा हलवला, त्याचा मी जन्माचा ऋणी आहे.

मुलगी आता तिच्या घरी सुखात आहे. ही गोष्ट निघाली की मला चिडवते, "पप्पा, तुम्ही सहीसाठी आला होतात ना?"

हो बाई, सहीसाठीच आलो होतो. पण आलो.