तलवार परत न्यायला आलेले काका

बाबा फौजेत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन बुलढाण्याला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक लोखंडी पेटी आणि पुष्कळ रिकामा वेळ होता. तो वेळ चर्चच्या बंधुसभेने भरून काढला. ही कॅथलिक पुरुषांची संघटना. तिच्यात चार पायऱ्या, आणि सगळ्यात वरची देशसेवेची. ती मिळाली की खांद्यावर लाल अस्तराचा काळा झगा, डोक्यावर पिसांच्या तुऱ्याची टोपी, कमरेला बिनधारेची तलवार. बाबांना तिथवर पोचायला अकरा वर्षं लागली. त्या दिवशी ते आरशासमोरून हलेनात, तेव्हा आई म्हणाली, "लग्नातबी एवढे नटले नव्हते तुम्ही."

शेजारचे काका बाबांचे जिवलग. बाबांनीच त्यांना सभेत नेलं, झेंड्यापुढे पावलं कशी टाकायची ते आमच्या अंगणात शिकवलं. पुढे काका सभेचे प्रमुख झाले, तर पेढे बाबांनी वाटले.

"मी गेलो का हे सारे शवपेटीच्या दोन्ही बाजूले तलवारी घेऊन उभे राहतीन," बाबा सांगायचे. सभेचा तसा रिवाजच होता. इतरांच्या वेळी भर पावसातही बाबा तसे उभे राहिले होते.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. मी काकांना फोन केला.

"हाव बेटा, आम्ही सारे येऊन राह्यलो. दहाले पोचतो."

दहा वाजले. अकरा वाजून गेले. फोन कोणी उचलेना. फादरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच 'सुरू करा' म्हणून मान हलवली. मागच्या मळ्यातले, भाजी पिकवणारे दोघे भाऊ पुढे आले. "कोन्ती बाजू धरू, ताई?" धाकट्याने विचारलं. त्यांनी खांदा दिला.

संध्याकाळी कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला. एक पुढारी मैदानात उंच झेंडा उभारत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना झगे, तुरे, तलवारी. अगदी पुढे काका.

चौथ्या दिवशी काका घरी आले. मला वाटलं, गळ्यात पडून रडतील. ते दारातूनच म्हणाले, "बेटा, बाबाचा झगा अन् तलवार सभेची असते. नव्या मानसाले द्यायची हाय."

"काका, तुम्ही येतो म्हणाले होते."

"ऐन वेळेले बोलावणं आलं. देशाचं काम होतं ना ते."

"मग माहे बाबा एवढी वर्षं फौजेत काय करून राह्यले होते?"

आईने आतून सगळं आणलं. झग्याची घडी नीट होती. "घेऊन जा, भाऊ," ती म्हणाली. "पर ज्याले द्याल, त्याले आधी सांगा का मेल्यावर कोनी येत नाही."

ते घेऊन गेले.

रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, एकमेकांचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणायचं असतं, तेव्हा काका माझ्याकडे वळतात. वेदीसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी हात देते. फादर म्हणतात, मनातूनही माफ कर. ते मला अजून जमलेलं नाही.